केंद्रक वाजवून बघताना

शेजारच्या काकूंचा मागच्या महिन्यात बोन स्कॅन झाला. सकाळी हातात इंजेक्शन दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तीन तास बसवून ठेवलं आणि मग एका अरुंद पलंगावर झोपवून एक मोठी चपटी पेटी अंगावरून हळूहळू सरकवत नेली. रिपोर्ट चांगला आला. तरी काकूंना चैन पडेना. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते हे त्यांना माहीत, म्हणून संध्याकाळी घरी आल्या. "काय गं, तिथला पोरगा म्हणे का मशीनमधून किरण निघतच नाही, तुमच्या अंगातूनच निघून राहिले. असं कसं? एक्स-रेची मशीन तर किरण सोडते नं?"

पोरगा खरं तेच बोलला होता. ती पेटी काही सोडत नाही, नुसती टिपते. किरण येतात ते इंजेक्शनमधून हाडांत जाऊन बसलेल्या टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सारी धातूच्या अणूंमधून, आणि तेही अणूच्या अगदी गाभ्यातून. त्या गाभ्यात जास्तीची ऊर्जा भरलेली असते. ती बाहेर टाकून तो शांत होतो आणि आपल्याला फोटो मिळतो.

गाभ्यात ऊर्जा भरायची, ती बाहेर पडताना टिपायची आणि त्यावरून गाभा आतून कसा आहे ते ओळखायचं, हे काम जगभरच्या प्रयोगशाळांत सत्तर-ऐंशी वर्षं चाललंय. काकूंनी त्या संध्याकाळी मला जे जे विचारलं, त्याच क्रमाने ते इथे सांगते.

आधी गाभा केवढा ते बघू

अणूला गाभा असतो हे १९११ साली कळलं. अर्नेस्ट रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ वर्खावर अल्फा कण, म्हणजे हेलियमचे गाभे, सोडले होते. बहुतेक आरपार गेले, पण थोडे आपटून माघारी आले. वर्खात कुठेतरी अगदी बारीक आणि अगदी जड असं काही असल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. त्या बारीक, जड गोष्टीला आपण केंद्रक म्हणतो. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने असतात. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन.

नागपूरच्या झिरो माईलच्या खांबापाशी एक संत्रा ठेवा आणि तो सोन्याचं केंद्रक आहे असं समजा. मग त्या अणूची कड चारही बाजूंना साधारण सातशे मीटरवर येईल. आठ-दहा मिनिटं चालत जा, वाटेत ७९ इलेक्ट्रॉनांखेरीज काही नाही. वजन मात्र जवळजवळ सगळं त्या संत्र्यात. केंद्रकाचा माल एक चहाचा चमचाभर गोळा करता आला, तर तो शंभर कोटी टनांपेक्षा जास्त भरेल.

हे दिसणार कसं? डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लाट सोन्याच्या केंद्रकापेक्षा तीन-साडेतीन कोटी पटींनी मोठी असते. समुद्राच्या लाटेने वाळूच्या कणाचा आकार चाचपावा, त्यातलाच प्रकार. कितीही भारी सूक्ष्मदर्शक आणला तरी तिथे प्रकाशाचा उपयोग नाही.

न बघता ओळखायचं

काकू दरवर्षी होळीच्या सुमारास नवा माठ घेतात. माठात डोकावून त्यांना फार काही कळत नाही. त्या तो एका हातावर तोलतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी टकटक करतात. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. आवाज माठाच्या आकारावर, जाडीवर आणि भाजणीवर ठरतो, म्हणून आवाजावरून माठ कळतो.

केंद्रकाचंही तेच, फक्त एक मोठा फरक आहे. माठाचा आवाज कमीजास्त होतो, हळूहळू विरतो. केंद्रकाला मात्र ठरलेलेच स्वर काढता येतात. त्याच्यापुढे जणू एक जिना असतो. एरवी ते सगळ्यात खाली असतं. ऊर्जा दिली की वरच्या एखाद्या पायरीवर चढतं. या वरच्या पायऱ्यांना उत्तेजित अवस्था म्हणतात. दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहायची सोय नाही. खाली उतरताना त्या दोन पायऱ्यांमधला फरक, नेमका तेवढाच, बहुतेक वेळा गॅमा किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. प्रत्येक केंद्रकाचा जिना वेगळा आणि पायऱ्यांची उंचीही सारखी नसते.

ही उंची मोजायचं एकक आहे इलेक्ट्रॉनव्होल्ट. काडी पेटते तेव्हा एकेका अणूमागे जी ऊर्जा इकडची तिकडे होते, ती या एककात चार-दोन भरते. केंद्रकाच्या पायऱ्या हजारांत आणि लाखांत मोजाव्या लागतात, म्हणून हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक केईव्ही धरतात. यापुढे मी नुसतं केईव्ही म्हणेन. काकूंच्या हाडांतून जो गॅमा येत होता तो १४० केईव्हीचा.

"पण एवढ्याशाला टकटक करायची कशी?"

बोटाच्या पेराऐवजी इथे दुसरे कण वापरतात. प्रोटॉन घ्या, अल्फा घ्या, नाहीतर ऑक्सिजनसारखी आणखी जड केंद्रकं. त्यांना प्रवेगकात, म्हणजे विजेच्या जोराने कणांना पळवणाऱ्या यंत्रात, वेग द्यायचा आणि ज्या केंद्रकाचा अभ्यास करायचा त्याच्या पातळ पत्र्यावर सोडायचं.

यातली एक पद्धत किराणा दुकानाच्या हिशेबासारखी आहे. पाचशेची नोट दिली, चारशे वीस परत आले, तर दुकानात ऐंशी राहिले. पिशवी उघडून बघायची गरज नाही. तसंच आत जाणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा आपल्याला माहीत असते, बाहेर आलेल्याची मोजता येते. जी कमी भरली ती केंद्रकाने पायरी चढायला वापरली.

दुसऱ्या पद्धतीत दोन केंद्रकं एकमेकांत मिसळेपर्यंत जोरात आदळवतात. त्यातून तापलेलं नवं केंद्रक तयार होतं, उकळत्या पाण्यातून वाफ जावी तसे त्यातून दोन-चार न्यूट्रॉन उडून जातात, आणि जे उरतं ते भोवऱ्यासारखं गरगर फिरत असतं. मग ते एकामागून एक गॅमा टाकत जिना उतरतं. एकाच उतरणीत वीस-वीस पायऱ्यांचे स्वर ऐकायला मिळतात.

"मग ते फुटत नाही काय गं?"

हा प्रश्न काकूंनी लगेच विचारला, आणि तो रास्त आहे. फुटू शकतं. माठावर दगड घातला तर आवाज माठाचा नसतो, फुटण्याचा असतो.

म्हणून सगळ्यात नाजूक पद्धत आहे ती न शिवता हलवण्याची. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरतात. ट्रक घराला लागलेला नसतो. दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना ढकलतात. सोडलेल्या कणाचा वेग मुद्दाम इतका बेताचा ठेवायचा, की जवळ येता येता तो मागे ढकलला जाईल आणि दोघांचे पृष्ठभाग भिडणार नाहीत. त्याच्या विजेच्या ओढाताणीने समोरचं केंद्रक पायरी चढतं, फुटत नाही. याला कुलोम उत्तेजन म्हणतात. याची खरी खुबी अशी, की विजेच्या बलाचे नियम आपल्याला अगदी काटेकोर माहीत आहेत. टकटक किती जोरात झाली ते ठाऊक असल्यामुळे जे काही वेगळं ऐकू येतं ते केंद्रकाचंच. आणि शंभर टकटकींमागे किती वेळा ते वाजलं, यावरून ते किती लांबट आहे तेही काढता येतं. जितकं लांबट, तितकं ते या ओढाताणीत चटकन सापडतं.

ऐकणारे कान

गॅमा ऐकायला जर्मेनियमचे अतिशुद्ध स्फटिक लागतात. ते उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावे लागतात. चांगला स्फटिक १,३३० केईव्हीच्या आसपास दोन-अडीच केईव्हीचा फरकही वेगळा दाखवतो. भारतात असे चार-चार स्फटिक पाकळ्यांसारखे जोडून केलेले 'क्लोव्हर' संवेदक एकत्र लावून 'इंगा' नावाची मांडणी उभारली आहे. ती एका जागी नसते. काही काळ मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पेलेट्रॉन नावाच्या प्रवेगकावर, काही काळ दिल्लीत, काही काळ कोलकात्यात असते, आणि देशभरचे विद्यार्थी जिथे ती असेल तिथे जातात.

विद्यार्थी असताना अशा प्रयोगाच्या रात्रपाळीत मी बसले आहे. प्रवेगक सुरू झाला की रात्रंदिवस चालतो, म्हणून पाळ्या लावतात. नायट्रोजन भरायची वेळ झाली की नळीवर पांढरा बर्फ धरतो, जमिनीवर धुकं पसरतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यातून गेलेल्या माणसाला ते बघत राहावंसं वाटतं. पडद्यावर पहिला तासभर नुसतं गवत उगवल्यासारखं दिसतं. मग त्यातून एक रेघ ताठ होऊ लागते, तिच्या शेजारी दुसरी. पहाटे चारला तिसरी रेघ जिथे येईल असं आम्ही वहीत लिहून ठेवलं होतं तिथेच आली. तेव्हा पाळीतल्या कुणालाच झोप आठवली नाही.

आकड्यांवरून आकार

तिसरी रेघ कुठे येणार हे आधी कसं कळतं? सगळी मजा इथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू.

युरेनियम-२३८ घ्या (२३८ म्हणजे त्यातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून). त्याच्या पहिल्या तीन पायऱ्या साधारण ४५, १४८ आणि ३०७ केईव्हीवर आहेत. दुसऱ्या पायरीला पहिलीने भागा: ३.३. तिसरीला पहिलीने भागा: ६.८. आता कागदावर एखाद्या लांबट, न वाकणाऱ्या वस्तूला पुंज भौतिकीच्या, म्हणजे अणूएवढ्या बारीक जगाच्या, नियमांनी फिरवून बघितलं, तर हीच गुणोत्तरं ३.३३ आणि ७ येतात. युरेनियमचं केंद्रक लांबट आहे आणि ते फिरतंय, हे या भागाकारातून कळलं. कुणी ते पाहिलेलं नाही.

लांबटच का, गोल का नाही? कारण पुंज भौतिकीत अगदी गोल वस्तूच्या फिरण्याला अर्थच नसतो. पोळपाटावर मोसंबी गोल फिरवली तर फिरली की नाही ते सांगता येत नाही, पण लाटणं फिरलं की लगेच कळतं. ज्याला फिरण्याच्या पायऱ्या आहेत ते लाटण्याच्या जातीचं.

आता शिसं-२०८ बघा. त्याची पहिलीच पायरी २,६१४ केईव्हीवर. युरेनियमच्या पहिल्या पायरीच्या अठ्ठावन्न पट उंच! हे केंद्रक गोल आहे, घट्ट आहे, सहज हलत नाही. त्यात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या संख्यांना 'जादुई संख्या' म्हणतात. इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन झाले की केंद्रकातला एक मजला पूर्ण भरतो, आणि कुणाला वर ढकलायचं तर थेट पुढच्या मजल्यावर ढकलावं लागतं. या संख्यांमागचं कारण मारिया गोपर्ट मायर यांनी आणि स्वतंत्रपणे हान्स येन्सन यांनी १९४९ साली उलगडलं. दोघांना १९६३चं नोबेल मिळालं. लांबट केंद्रकांच्या फिरण्याची उपपत्ती मांडणारे ऑगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना ते १९७५ साली मिळालं.

"हे तर अंदाजपंचेच झालं नं?"

आधी सिद्धांत आणि मग त्याला जुळतील असे आकडे, अशी शंका काकूंना आली. पण इथे सिद्धांत वेळोवेळी पणाला लागतो, आणि कधी कधी हरतोही.

कथलात ५० प्रोटॉन असतात. कथिल-१३० मध्ये ८० न्यूट्रॉन, १३२ मध्ये ८२, १३४ मध्ये ८४. पहिल्या पायऱ्या साधारण १,२२०, ४,०४० आणि ७२५ केईव्ही. दोन न्यूट्रॉन वाढले आणि पायरी तिपटीहून उंच झाली, आणखी दोन वाढले आणि ती धाडकन खाली आली. ८२ ही संख्या जादुई असेल तर असंच व्हायला हवं होतं.

आता हरल्याचं उदाहरण. सिलिकॉन-३४ मध्ये १४ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन असतात, आणि त्याच्या पायऱ्या अपेक्षेप्रमाणे फार उंचावर सुरू होतात. त्यातून फक्त दोन प्रोटॉन काढा, की मॅग्नेशियम-३२ होतं. न्यूट्रॉन २०च, म्हणजे हेही घट्ट, गोल असायला हवं. पण त्याची पहिली पायरी निघाली ८८५ केईव्हीवर. १९९५ साली जपानमधल्या रिकेन संस्थेत कुलोम उत्तेजनाने तपासलं, तर ते चांगलंच लांबट आढळलं. म्हणजे २० ही संख्या सगळीकडे जादुई नाही. न्यूट्रॉनांचं प्रमाण खूप वाढलं की मजल्यांची मांडणीच बदलते, हे त्यानंतर सगळ्यांना मान्य करावं लागलं. जो अंदाज खोटा ठरू शकतो आणि तसा ठरल्यावर सोडून दिला जातो, त्याला मी अंदाजपंचे म्हणणार नाही.

२०१३ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत रेडियम-२२४ असंच हलवून बघितलं. ते पेरूसारखं निघालं, एका बाजूला फुगीर आणि दुसरीकडे निमुळतं. विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ जवळजवळ नाहीसा का झाला, याचा माग काढणाऱ्यांना अशी एकांगी केंद्रकं हवी असतात, कारण तो मागमूस त्यांच्यात ठळक दिसण्याची शक्यता असते.

"याचा आपल्याला काय उपयोग?"

एका पायरीमुळे आपण आहोत, हे उत्तर मला सगळ्यात आवडतं. ताऱ्यांच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन होतो. पण गणिताने हे जुळणं इतकं क्वचित होणार होतं, की विश्वात एवढा कार्बन दिसायलाच नको. १९५३ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी सांगितलं, की कार्बन आहे, त्याअर्थी त्याच्या केंद्रकाला साधारण ७,६५० केईव्हीच्या जवळ एक पायरी असलीच पाहिजे, जिच्यावर ती तीन केंद्रकं अलगद टेकतील. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत ती शोधली, आणि सापडली. हेच हॉईल आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. काकूंच्या हाडांतला, माझ्या पेन्सिलीतला, विदर्भातल्या कोळशातला सगळा कार्बन ती पायरी चढून आला आहे.

दुसरा उपयोग अगदी ताजा आहे. थोरियम-२२९च्या केंद्रकाला एक पायरी आहे फक्त ८.४ इलेक्ट्रॉनव्होल्टची. हजार नाही, लाख नाही, नुसते ८.४. ती इतकी ठेंगणी असल्यामुळे लेसरने चढवता येईल हे माहीत होतं, पण नेमकी उंची सापडायला जवळपास पन्नास वर्षं गेली. २०२४ साली जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी लेसरने हे केंद्रक उत्तेजित केलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ते अणुघड्याळाशी जोडून मोजलं गेलं. यातून केंद्रकावर चालणारं घड्याळ होईल. झिरो माईलचा संत्रा बाहेरच्या गडबडीपासून सातशे मीटर दूर असतो, म्हणून हे घड्याळ बाहेरच्या विद्युत आणि चुंबकीय ढवळाढवळीने सहज चुकणार नाही.

तिसरा उपयोग काकूंच्या अंगातच होता. बहुतेक उत्तेजित केंद्रकं सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत खाली उतरतात. इंजेक्शन भरेपर्यंत संपून जातील. टेक्नेशियम मात्र अडून बसतं, कारण वरच्या पायरीवरचं त्याचं फिरणं आणि खालच्या पायऱ्यांवरचं फिरणं यांत फार तफावत आहे, आणि एका गॅमाला एवढी तफावत सहजी वाहून नेता येत नाही. म्हणून निम्मी केंद्रकं उतरायला सहा तास लागतात. अवस्था टिकाऊ, म्हणून ती दवाखान्यापर्यंत पोचते. १९३८ साली एमिलियो सेग्रे आणि ग्लेन सीबॉर्ग यांना ती सापडली, तेव्हा बोन स्कॅन कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

"मग नातवाला जवळ घेऊ नका असं काऊन सांगितलं?"

काकूंना खरं तर हेच विचारायचं होतं, बाकी सगळं त्याची प्रस्तावना होती. त्यांना सरळ हिशेब करून दाखवला. सकाळी दहाला इंजेक्शन. दुपारी चारला निम्मं उरलं, रात्री दहाला पाव, पहाटे चारला दोन आणे, उद्या सकाळी दहाला एक आणा. शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं, म्हणूनच एवढं पाणी प्यायला सांगतात. तपासणीपुरती मात्रा थोडीच असते, पण लहान मुलाला विनाकारण तेवढीही कशाला द्यायची, इतकाच त्या सूचनेचा अर्थ. उद्या दुपारी खुशाल मांडीवर घ्या, म्हटलं.

जाता जाता त्यांनी भिंतीला हात टेकला आणि विचारलं, "हिच्यातून तर काही निघत नाही नं?"

निघतं. विटांत, मातीत, ग्रॅनाइटच्या ओट्यात कणभर थोरियम असतंच. ते टप्प्याटप्प्याने क्षय पावत शेवटी शिसं-२०८ होतं, आणि होताना ते शिसं साधारण तीनांत एकदा उत्तेजित असतं. मग ते शांत होताना २,६१४ केईव्हीचा तोच गॅमा टाकतं. प्रयोगशाळेत प्रवेगक बंद असतानाही आमच्या पडद्यावर उजवीकडे ती एक रेघ उभी असायची. त्याची भीती नाही, माणूस जन्मल्यापासून त्यात राहतो आहे. काकूंच्या हाडांतला १४०चा गॅमा दोन दिवसांत जवळजवळ थांबला असेल. भिंतीतला २,६१४चा चालूच राहील. त्यामागच्या थोरियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे.